केमो आणि सर्जरीनंतर तोंडाची चव गेली की आधी काय करायचं, मग काय, आणि बहुतेक घरांत कुठे चुकतं

"ताई, काहीच खात नाहीये हो, काय करून घालू?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच, नौपाड्यातून, कळव्यातून, परवा तर कोपरखैरण्याहून ओळखीच्या ओळखीने एकांनी फोन केला. आणि तोपर्यंत सगळ्यांनी तेच केलेलं असतं. पेशंटच्या आवडीचं सगळं रांधून झालेलं असतं, ते ताटात तसंच पडलेलं असतं, घरातले रडकुंडीला आलेले आणि पेशंट चिडलेला.

पदार्थ चुकत नाहीत, क्रम चुकतो. आधी तोंड, मग पोट, मग वास, मग चव, आणि किती खाल्लं हे शेवटी. आपण बरोब्बर उलटं करतो, पहिल्या दिवसापासून "अजून दोन घास" वर येतो.

माझं म्हणाल तर मोठ्या आतड्याची सर्जरी आणि नंतर आठ केमो, दर तीन आठवड्यांनी एक, ऑक्झॅलिप्लॅटिनचं सलाइन आणि घरी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. त्यामुळे खालचं काही माझ्या अंगावरून गेलेलं आहे आणि काही डायटिशियनने समोर बसवून समजावलेलं. तुमच्या डॉक्टरांच्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर कागद खरा, मी नाही.

## टप्पा १: केमो सुरू व्हायच्या आधीची तयारी

हा आठवडा लोक देवळं आणि नातेवाईक यात घालवतात. जा, पण ही कामंही करा.

दाताच्या डॉक्टरकडे एकदा जाऊन या. हलणारा दात, टोचणारी कड, किडलेली दाढ, सैल कवळी, जे असेल ते आधीच निस्तरायचं, कारण केमो चालू झाल्यावर रक्तातल्या पेशी कमी असताना दात काढणं हा वेगळाच खेळ होऊन बसतो. डेंटिस्टला केमोची तारीख सांगा, म्हणजे जखम भरायला किती दिवस लागतील ते तो बघेल.

वजन करा. घरच्याच काट्यावर, सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, आणि वहीत लिहा. दर आठवड्याला तोच काटा, तीच वेळ. "बारीक वाटतेय" हे मोजमाप नाही.

भांडी बदला. स्टीलचा चमचा आणि स्टीलचं ताट बाजूला, चिनी मातीचे दोन बाऊल, लाकडी किंवा चांगल्या प्लास्टिकचे चमचे, पाण्याला काचेचा ग्लास. केमोत ज्यांना तोंडात लोखंडाची चव येते (प्लॅटिनमवाल्या औषधांत बरेचदा येते) त्यांना स्टीलचा चमचा म्हणजे जिभेवर खिळा ठेवल्यासारखं वाटतं. तांब्याच्या भांड्यातलं पाणीही तेवढे महिने बंद ठेवा, ज्यांच्या घरी ती पद्धत आहे ते हमखास विसरतात.

आणि कपाटात तयार माल ठेवा: मेतकूट, भाजलेल्या मुगाच्या डाळीचं पीठ, नाचणीचं सत्त्व, शेंगदाण्याचं कूट, राजगिऱ्याचे लाडू, तूप, आमसूल. आमसूल आम्ही ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून एकदम अर्धा किलो आणलं होतं, सासूबाई म्हणाल्या एवढं काय करायचंय, तीन महिन्यांत संपलं.

तपासा: पेशंट स्वतः स्वयंपाक करणार असेल तर प्लॅन आत्ताच बदला. तासभर फोडणीच्या वासात उभी राहिलेली बाई ताटावर बसते तेव्हा तिची भूक मेलेली असते, आपल्याकडे नेमकं हेच होतं, बाई आजारी असली तरी ओटा तिचाच.

## टप्पा २: सर्जरीनंतरचे पहिले आठवडे

इथे एकच सल्ला सगळ्यांना चालत नाही, कापलं कुठे यावर सगळं आहे.

आतड्याची सर्जरी असेल तर सुरुवातीचे काही आठवडे चोथा कमी. मऊ भात, मुगाचं वरण, सालं काढून शिजवलेला दुधी, पिकलेलं केळं, दही. कच्ची कोशिंबीर, मोडाची कडधान्यं, पेरूच्या बिया, मक्याचं कणीस नाही. मग एका वेळी एकच नवीन पदार्थ, आणि दोन दिवस बघायचं. तीन नवीन गोष्टी एकदम दिल्या आणि पोट बिघडलं तर कशाने ते कोणाला कळणार?

जठराची सर्जरी असेल तर ताट ही कल्पनाच डोक्यातून काढा, सहा ते आठ वेळा वाटीभर. जेवताना पाणी नको, अर्ध्या तासाने घोट घोट. शिरा, सरबत, गोड चहा असं एकदम गोड गेलं की काहींना जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब होतात, याला डम्पिंग म्हणतात. अशक्तपणा आला समजून घरचे ग्लुकोज पाजतात आणि ते आणखी वाढतं. काहींना दोन-तीन तासांनी साखर उतरून गळल्यासारखं होतं, ते वेगळं, दोन्ही डॉक्टरांना वेळेसकट सांगा. पूर्ण जठर काढलं असेल तर बी-१२ चं इंजेक्शन कायमचं, ते चुकवू नका.

तोंडाची किंवा घशाची सर्जरी असेल तर काय गिळायचं हे स्वॅलो थेरपिस्ट (गिळण्याचा त्रास बघणारा तज्ज्ञ) ठरवेल. पातळ म्हणजे सोपं हा गैरसमज आहे, काहींना पाणीच श्वासनलिकेत जातं आणि घट्ट पेज नीट जाते.

सावध: उलट्या होतायत, पोट फुगलंय आणि गॅससुद्धा सरत नाहीये असं असेल तर ओवा-हिंग करत बसू नका, सर्जनला फोन.

## टप्पा ३: तोंड आधी

माझ्या मते निम्म्या घरांत इथेच गाडी अडते, कारण तोंडात कोणी बघतच नाही. जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या पेशी साधारण दहा-पंधरा दिवसांत बदलत असतात, आणि केमो नेमक्या भरभर वाढणाऱ्या पेशींवरच हल्ला करते, त्यामुळे चव बिघडणार हे धरूनच चाला. पण त्यावर फोड, कोरडेपणा, बुरशी यांची भर पडली की मग तुम्ही अमृत करून घाला, उपयोग नाही.

१. रोज सकाळी टॉर्च लावून बघायचं. जीभ, गालाची आतली बाजू, टाळू. दह्यासारखे पांढरे चट्टे असतील तर ती बुरशी असू शकते, तिला औषध आहे, आणि चव नसण्याचं ते एक सहज बरं होणारं कारण आहे.

२. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चहाचा चमचा खायचा सोडा. दिवसातून चार-पाच वेळा चूळ, आणि मुख्य म्हणजे *जेवायच्या आधी*. सगळे जेवल्यावर करतात, आधी केली की तोंडातला तो कडवट थर जातो आणि पहिला घास बरा लागतो. गिळायचं नाही. रोज नवीन पाणी.

३. मऊ ब्रश, बेबी ब्रश चालेल. अल्कोहोलवालं झणझणीत माउथवॉश बंद, मिश्री-तंबाखू तर सोडाच.

४. तोंड कोरडं असेल तर कोरडी पोळी-भाजी देऊच नका, पोळी वरणात कुस्करा, भातावर तूप, भाकरी ताकात.

सावध, हे नीट वाचा: "थंड द्या, बर्फ चोखा, आइस्क्रीम द्या" हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि बऱ्याच केमोंना तो ठीकही आहे, पण ऑक्झॅलिप्लॅटिन असेल तर पहिले काही दिवस थंड अजिबात नाही. मला पहिल्या सायकलला (एक केमो ते पुढची केमो म्हणजे एक सायकल) कोणीतरी प्रेमाने फ्रिजमधली सोलकढी दिली आणि एका घोटात घसा आवळल्यासारखा झाला, श्वास अडकतोय असंच वाटलं. फ्रिजच्या दाराला हात लावला तरी बोटांत मुंग्या. त्या दिवसांत पाणी कोमट, फळ बाहेर काढून ठेवलेलं. तुमच्या केमोचं नाव काय ते फाइलमध्ये बघा, मगच असले सल्ले पाळा.

## टप्पा ४: मळमळ आणि पोट साफ होणं

उलटीची गोळी उलटी झाल्यावर घ्यायची नसते. डॉक्टरांनी वेळेवर घ्यायला सांगितली असेल तर घड्याळ लावून घ्या, "आज बरं वाटतंय, राहू दे" म्हणून सोडलेली गोळी संध्याकाळी वसूल करते. जेवणाआधी अर्धा तास घेतलेली चालेल का तेवढं विचारून ठेवा.

आता न बोललं जाणारं. ऑनडॅनसेट्रॉनसारख्या उलटीच्या गोळ्यांनी आणि दुखण्याच्या स्ट्राँग गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते, आणि चार दिवस पोट साफ नसेल तर भूक कुठून लागणार, घरातले मात्र "चव नाही म्हणून खात नाही" असं धरून चाललेले असतात. वहीत एक रकाना याचाही ठेवा. लाजू नका, डॉक्टर रोज तेच विचारतात.

उलट बाजू: कॅपेसिटाबिनवर जुलाब लागले, नेहमीपेक्षा दिवसाला चार-पाच वेळा जास्त, तर पुढची गोळी घ्यायच्या आधी फोन करायचा. आणि ही गोळी जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायची असते, म्हणजे सकाळ-संध्याकाळ पोटात काहीतरी जायलाच हवं. माझं ते काहीतरी म्हणजे मेतकूट-भात, सकाळी आठ वाजता, लोक हसायचे.

केमोबरोबर स्टेरॉइड देतात त्याने पहिले दोन-तीन दिवस खोटी भूक लागते, सगळे खूश होतात, आणि चौथ्या दिवशी धाडकन बंद. हे बिघडलं नाही, हे असंच असतं. डायबिटीस असेल तर त्या दिवसांत साखर जास्त वेळा तपासा.

तपासा: २४ तास पाणीसुद्धा पोटात टिकत नाहीये, लघवी कमी आणि गडद पिवळी होतेय, तर हा खाण्याचा प्रश्न राहिलेला नाही, दवाखाना.

## टप्पा ५: वास

चव चव म्हणून आपण जे म्हणतो त्यातलं बरंचसं नाकाचं काम असतं. वन बीएचकेमध्ये लसणाची फोडणी हॉलपर्यंत येते आणि सुकट भाजली तर पूर्ण विंगला कळतं.

स्वयंपाक पेशंट झोपलेला असताना किंवा बाहेर चक्कर मारायला गेलेला असताना उरका, एक्झॉस्ट चालू, खिडकी उघडी. कुकरची शिट्टी झाली की झाकण त्याच्यासमोर उघडू नका, ती पहिली वाफच मारते. गरमगरम वाढायचा हट्ट सोडा, कोमट अन्नाला वास कमी येतो. सूप, दूध, सार झाकणाच्या कपातून किंवा स्ट्रॉने. (तोंडाच्या सर्जरीवाल्यांनी स्ट्रॉ विचारून.)

प्रवासाचंही धरा. आम्ही केमोला नवी मुंबईला जायचो, ट्रान्स हार्बरने किंवा गाडीने ठाणे-बेलापूर रोडने, आणि रबाळे-महापेच्या पट्ट्यात कधीकधी जो केमिकलचा वास येतो तो एरवी जाणवलाही नसता, त्या दिवसांत मात्र पोट ढवळून यायचं. मास्क, मास्कच्या आत किंवा रुमालावर लिंबाची साल, आणि रिकाम्या पोटी निघायचं नाही. डब्यात खाकरा, केळं, राजगिऱ्याचा लाडू, म्हणजे वास नसलेलं.

## टप्पा ६: आता चव, आणि इथे घाई नको

पहिली चूक आधी सांगते कारण ती मी स्वतः केलीय. केमोच्या दिवशी आणि पुढचे एक-दोन दिवस आवडीचा पदार्थ करायचा नाही. माझ्या पहिल्या केमोच्या संध्याकाळी सासूबाईंनी सोलून सोलून वालाचं बिरडं केलं, माझा जीव की प्राण. आतड्याच्या सर्जरीनंतर वाल म्हणजे तसाही वेडेपणा, पण कोणाला सुचलं नाही. चार घास खाल्ले, रात्री सगळं बाहेर, आणि पुढे वर्षभर बिरड्याचं नाव काढलं तरी मला कसंतरी व्हायचं. शरीर मळमळीचं खापर शेवटी खाल्लेल्या पदार्थावर फोडतं आणि ते मनावर कोरलं जातं. म्हणून त्या दिवसांत साधं, ज्याच्यावर प्रेम नाही असं खा. केमो चालू असताना तोंडात ठेवायला एखादी आल्याची नाहीतर संत्र्याची गोळी, जी आयुष्यात पुन्हा नाही खाल्ली तरी चालेल, खापर तिच्यावर फुटू दे.

दुसरं, "चव नाही" यावर थांबू नका, काय बिघडलंय ते शोधा. मी बशी-टेस्ट करायचे. सायकलच्या साधारण सहाव्या-सातव्या दिवशी, तोंडात फोड नसतील तर, चूळ भरून एका बशीत पाच गोष्टी चमचा चमचा: दही, गुळाचा खडा, मिठाचं मऊ वरण, आमसुलाचं सार, साधा भात. प्रत्येकाचा एक घास, आणि वहीत बरं, फिकं, कडू, लोखंडी, नको यातला एक शब्द. पाच मिनिटांचं काम, पण त्या आठवड्याचा स्वयंपाक त्यावर ठरायचा.

लोखंडी लागत असेल तर आंबटाने झाकलं जातं: लिंबू, आमसूल, चिंच, टोमॅटोचं सार. मटण सगळ्यात आधी जातं बहुतेकांचं, जबरदस्ती करू नका, अंडं, पनीर, मूग, दह्यात मुरवलेलं चिकन, कमी वासाचा मासा यावर या. नुसतं पाणी लोखंडी लागतं तेव्हा लिंबाची फोड नाहीतर जिऱ्याचं पाणी. जेवणाआधी दोन वेलदोडे चघळा.

फिकं, पुठ्ठ्यासारखं लागत असेल तर घरातले मीठ वाढवत जातात. नको, बीपी असेल तर अजिबातच नको. हिंग, जिरं, आलं, कोथिंबीर, भाजलेलं सुकं खोबरं, आणि कुरकुरीतपणा, म्हणजे भाताबरोबर भाजलेला पापड किंवा कुरमुरे (तोंडात फोड नसतील आणि सर्जनने परवानगी दिली असेल तरच). जिभेला चव कळत नाही तेव्हा दाताला तरी काहीतरी कळू दे.

सगळं गोड गोड लागत असेल तर ताक, लिंबू, चिमूट मीठ. खारट लागत असेल तर उकडलेला बटाटा, अळणी वरणात चिमूट गूळ. कडू लागत असेल तर मेथी, कारलं, कॉफी बाजूला, भाजीत जरा गूळ, आणि चहाचा हट्ट सोडा काही दिवस.

सावध: तोंडात फोड आहेत? मग वरचं सगळं आंबट-तिखट रद्द. सायीचं दूध, नाचणीची पेज, मऊ खिचडी-तूप, शेवयांची खीर, सगळं कोमट. आणि पपनस किंवा ग्रेपफ्रूट काही औषधांशी भांडतं, विचारल्याशिवाय नको.

झिंकच्या गोळ्या चव आणतात असं कोणीतरी सांगेलच. अभ्यासांमधून तसा ठोस फायदा दिसलेला नाही, स्वतःच्या मनाने सुरू करू नका. गुळवेलीचा काढाही नको, २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी त्याने लिव्हरला इजा झालेल्या केसेस प्रसिद्ध केल्या होत्या, आणि केमोत लिव्हरवर आधीच ताण असतो. "साखर बंद करा, साखरेने कॅन्सर वाढतो" म्हणून पेशंटची खीरसुद्धा काढून घेणारे काका प्रत्येक घरात असतात. डायबिटीस नसेल आणि दिवसभरात तेवढी वाटीच जात असेल, तर काकांना चहा द्या आणि खीर पेशंटला.

## टप्पा ७: आता किती खाल्लं ते मोजा

ताट नको, वाटी. दर दोन-अडीच तासांनी, भूक लागायची वाट न बघता, औषधासारखं. सकाळी बहुतेकांना बरं वाटतं, मग मोठं जेवण सकाळी घ्या, रात्रीच व्हायला पाहिजे असा काही नियम नाही. जेवणाआधी ग्लासभर पाणी पिऊन पोट भरू नका. आणि झेपत असेल तर दहा मिनिटं चालून मग बसा, मी तलावपाळीला अर्धी फेरी मारून यायचे, भूक नाही तरी "नको" थोडं कमी व्हायचं.

प्रोटीनचा हिशोब: वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम. ५० किलोच्या बाईला ६० ते ७५. (किडनीचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील.) एका अंड्यात ६ ग्रॅम, ग्लासभर दुधात ६-७, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९ च्या आसपास, मूठभर शेंगदाण्यात ७, शंभर ग्रॅम माशात २० च्या आसपास. आणि ज्याच्या भरवशावर आपण बसतो ते पातळ वरण, वाटीला जेमतेम ४-५. म्हणजे वरणभातावर ६० होत नाहीत, करून बघा. म्हणून जे जातंय त्यातच मिसळा: पेजेत दोन मोठे चमचे मिल्क पावडर, उपम्यात शेंगदाण्याचं कूट, मऊ भातात कुस्करलेलं पनीर, वरणात चमचाभर तूप. दुधाने पोट गुरगुरत असेल तर काही दिवस दह्यावर या.

सावध: केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी खाली असतात. तेव्हा कच्चं, उघड्यावरचं, बाहेरचं नाही. पाणीपुरी, उसाचा रस, बाहेरची चटणी, कच्चे मोड, अर्धकच्चं अंडं, कालचं उरलेलं, काही नाही. नेमकी तेव्हाच मिसळीची इच्छा होते, काय करणार. घरी करा, शेव पाकिटातली, कांदा शिजवलेला. ताप १००.४ फॅरेनहाइट झाला तर रात्रीचे दोन असले तरी हॉस्पिटल, आधी क्रोसिन देऊन बघू असं नाही.

तपासा: वजन महिन्यात ५ टक्के उतरलं, म्हणजे ६० किलोचे ५७ झाले, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता डायटिशियनला गाठा. पोटात अन्न द्यायची नळी लावायची वेळ आली तरी ती शिक्षा नाही. आमच्या बाजूच्या बेडवरच्या आजी नळीला पंधरा दिवस नाही म्हणत राहिल्या, आणि लावल्यावर आठवड्यात उठून बसून मलाच सल्ले द्यायला लागल्या.

## टप्पा ८: चव परत येताना

शेवटच्या केमोनंतर बहुतेकांची चव काही आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांत हळूहळू येते, काहींना जास्त लागतात, आणि डोक्या-मानेला रेडिएशन झालं असेल तर आणखी वेळ धरा. ती एकदम येत नाही, एकेक पदार्थ करून येते. इथली चूक म्हणजे दुसऱ्या महिन्यात नको झालेला पदार्थ यादीतून कायमचा कटाप करणं. दर दोन आठवड्यांनी एक जुना पदार्थ, चमचाभरच, कोणी तोंडाकडे टक लावून बघत नसताना. नाही आवडला तर वहीत तारीख लिहून पुढच्या पानावर.

माझं वरण आधी आलं, मग बटाट्याची भाजी, मासे तिसऱ्या महिन्यात. चहा सगळ्यात शेवटी, तोही बिनसाखरेचा, आता साखरेचा चहा मलाच जात नाही. बिरड्याची ट्रायल श्रावणात आहे, सासूबाईंनी वाल आणून ठेवलेत.